विमानाने मिरीच बेटावर



आज आम्ही तुम्हांला एका दिवसाच्या प्रवासाची हकीकत सांगणार आहोत. प्रवास लांबचा. समुद्रापलीकडच्या देशाचा. प्रवासी दोघेच : आम्ही आणि आमची मंडळी. आम्ही शाळेतून निवृत्त झालेले हेडमास्तर. वय साठीच्या पुढचे. मंडळींचेही तेच. विमान आजवर डोक्यावरून जाताना पाहिलेले, तेवढीच त्याची ओळख.

जायचे का ठरले?

मंडळींच्या माहेरी एक जुनी गोष्ट सांगतात. त्यांचे माहेर रत्नागिरी जिल्ह्यातले. त्यांच्या खापरपणजोबांना एक धाकटा भाऊ होता. घरात खाणारी तोंडे फार आणि भात थोडा. एके दिवशी गावात एक मुकादम आला. "मुंबईत गोदीचं काम आहे, पगार रोख," असे तो म्हणाला. त्याने कागद पुढे केला. या तरुणाला अक्षर येत नव्हते. त्याने कागदावर खूण करून दिली. मुंबईला गेला तो परत आला नाही. पुढे कुणीतरी सांगितले, "तो मिरीचला गेला." घरच्यांनी वाट पाहिली. आई तर रोज तिन्हीसांजेला पाणंदीच्या तोंडाशी जाऊन उभी राही म्हणतात.

हे मिरीच म्हणजे कुठले गाव? ते गाव नव्हे, बेट आहे. आज त्याला मॉरिशस म्हणतात. मजूर लोक आपल्या जिभेला सोपे पडेल तसे 'मिरीच' म्हणत.

मंडळींच्या मनात ही गोष्ट लहानपणापासून होती. मुलगा मुंबईला नोकरीस आहे. त्याने पैसे साठवून दोन तिकिटे काढली आणि म्हणाला, "आई, तू मिरीच बघून ये."

आता एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आम्ही सारी उमर मुलांना शिकवले, पण आमच्या घरात दिव्याखाली अंधार होता. मंडळी शाळेत गेलेल्या नव्हत्या. लग्नानंतर आम्ही शिकवायचे म्हणत राहिलो आणि संसारात राहून गेले. त्या सगळीकडे अंगठा देत. एकदा एका नातेवाइकाने कागद आणला. "नुसता साक्षीचा अंगठा हवा, वहिनी," असे म्हणाला. आम्ही घरी नव्हतो. मंडळींनी विश्वासाने अंगठा दिला. तो कागद साक्षीचा नव्हता, कर्जाच्या जामिनाचा होता. तीन वर्षे आम्ही दुसऱ्याच्या कर्जाचे हप्ते भरले.

तेव्हा मंडळी म्हणाल्या, "आता मी शिकणार. तुमच्याकडे नको, तुम्ही रागावता." बावन्नाव्या वर्षी त्या रात्रीच्या वर्गाला जाऊ लागल्या. त्यांची गुरू वीस वर्षांची मुलगी. दीड वर्षात मंडळी वर्तमानपत्राचे मथळे वाचू लागल्या. पासपोर्ट काढायची वेळ आली तेव्हा त्यांनी सही केली. अक्षरे थोडी वाकडी आली, पण सही ती सही.

निघण्याची तयारी

परदेशी जायला पासपोर्ट लागतो. पासपोर्ट म्हणजे आपल्या सरकारने दिलेले ओळखपत्राचे लहान पुस्तक. त्यात आपले नाव, जन्मतारीख आणि फोटो असतो. तिकिटावरचे नाव आणि पासपोर्टावरचे नाव एकच असावे लागते. एका अक्षराचा फरक पडला तरी खोळंबा होऊ शकतो. म्हणून नाव स्वतः वाचून पाहावे.

काही देशांत जाण्यापूर्वी त्या देशाची परवानगी घ्यावी लागते. तिला व्हिसा म्हणतात. मॉरिशसला फिरायला जाणाऱ्या भारतीयांना तो आधी काढावा लागत नाही. मात्र परतीचे तिकीट आणि राहण्याचा पत्ता जवळ लागतो. असे नियम बदलतही असतात. निघण्यापूर्वी चौकशी करावी हे बरे.

मंडळींनी माहेरच्या अंगणातली चिमूटभर माती पुरचुंडीत बांधली होती. "त्या पोराला घरची माती मिळाली नाही. ती तिथं टाकीन," असे त्या म्हणत होत्या. आम्ही म्हटले, "अगं, माती नेता येत नाही. मातीत किडीची अंडी असतात, पिकाचे रोग असतात. ते बेट लहान. तिथला ऊस रोगात गेला तर लोकांनी काय खावं?" झाडे, बिया, फळे यांचेही तसेच आहे. परवानगीवाचून ती दुसऱ्या देशात नेऊ नयेत. मंडळी गप्प बसल्या. पुरचुंडी त्यांनी तुळशीत सोडली. मग वहीचे पान फाडले आणि त्यावर त्या पूर्वजाचे नाव आपल्या हाताने लिहिले. खाली त्याच्या गावाचे नाव लिहिले. "कागद नेता येतो ना?" त्यांनी विचारले. कागद नेता येतो.

विमानतळावर

विमान पहाटे अडीच वाजता सुटणार होते. आंतरराष्ट्रीय प्रवासाला तीन तास आधी पोहोचावे लागते, म्हणून आम्ही रात्री अकरालाच मुंबईच्या विमानतळावर गेलो. ऑगस्टचा महिना. बाहेर पाऊस कोसळत होता.

विमानतळावर चार कामे असतात. ती क्रमाने सांगतो.

पहिले काम सामानाचे. मोठ्या पिशव्या काट्यावर ठेवतात. ठरलेल्या वजनापेक्षा जास्त भरल्या तर जादा पैसे पडतात. त्या पिशव्या विमानाच्या पोटात जातात. आपल्याला बसण्याची चिठ्ठी मिळते. तिच्यावर दाराचा आणि खुर्चीचा नंबर असतो.

दुसरे काम पासपोर्ट तपासणीचे. अधिकारी पासपोर्ट पाहतो, तोंड पाहतो, कुठे आणि कशाला चाललात ते विचारतो आणि शिक्का मारतो.

तिसरे काम झडतीचे. हातातली पिशवी यंत्रातून जाते. यंत्राला आतले सारे दिसते. मंडळींच्या पिशवीत अडकित्ता निघाला! सुरी, कात्री, अडकित्ता असले काही जवळ ठेवता येत नाही. ते आधीच मोठ्या सामानात घालावे. आम्ही ते विसरलो होतो. चाळीस वर्षांचा अडकित्ता तिथेच राहिला. मंडळींना वाईट वाटले. आम्हांलाही वाटले, कारण सुपारी आम्हीच खातो. पाण्याची भरलेली बाटलीही आत नेऊ देत नाहीत. झडतीनंतर आत पाणी मिळते.

चौथे काम दार शोधण्याचे. इथे मंडळींनी आम्हांला गाठले. आम्ही चष्मा पुसत होतो तोवर त्यांनी पाटीवरचा नंबर वाचला आणि म्हणाल्या, "अहो, आपलं दार तिकडं. चला."

आकाशात

विमानात बसल्यावर कमरेला पट्टा बांधायचा. विमान आधी धावपट्टीवर एसटीसारखे हळूहळू चालते, मग एकाएकी जोराने धावते आणि जमीन सोडते. मंडळींनी आमचा हात घट्ट धरला होता. आम्हीही सोडवून घेतला नाही.

एवढे जड विमान उडते कसे? त्याची यंत्रे त्याला जोराने पुढे ढकलतात. पंख थोडे तिरपे आणि वरून फुगीर असतात. धावताना ते हवा खाली लोटतात आणि हवा त्यांना वर उचलते. नदीत उभे राहून तळहात तिरपा धरा. पाणी हाताला वर ढकलते. तसेच हवेचे.

वर चढताना कान दडे बसल्यासारखे होतात. विमानातल्या हवेचा दाब बदलतो म्हणून तसे होते. आवंढा गिळावा किंवा खडीसाखर चघळावी. कान मोकळे होतात.

मोठे विमान दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून जाते. तासाला साडेआठशे ते नऊशे किलोमीटर तोडते. बाहेर बर्फाहूनही पुष्कळ जास्त थंडी असते. आत मात्र हवा भरलेली आणि उबदार असते. मुंबईहून मॉरिशस साडेचार हजार किलोमीटरांहून अधिक दूर आहे. आम्हांला तिथे जायला सहा तास लागले. शिडाच्या जहाजांना कित्येक आठवडे लागत. वाटेत कितीतरी माणसे आजाराने दगावत.

मंडळी खिडकीशी बसल्या होत्या. खाली काळा समुद्र. त्या हळूच म्हणाल्या, "सहा तास मला जड जातायत. त्या पोरानं खाली हे सगळं पाणी कसं पार केलं असेल? आणि कुठं चाललोय तेही ठाऊक नाही."

आम्ही उत्तर दिले नाही. उत्तर नव्हतेच.

घड्याळ मागे गेले

विमान उतरले तेव्हा आमच्या घड्याळात साडेआठ झाले होते. विमानतळावरच्या घड्याळात सातच! दीड तास गेला कुठे?

पृथ्वी स्वतःभोवती फिरते. पूर्वेकडच्या गावांना सूर्य आधी दिसतो, पश्चिमेकडच्यांना मागाहून. मॉरिशस आपल्या पश्चिमेस आहे, म्हणून तिथले घड्याळ आपल्याहून दीड तास मागे असते. आम्ही घड्याळ दीड तास मागे केले.

दुसरी गंमत हवेची. पृथ्वीच्या मधोमध एक रेघ मानली आहे. तिला विषुववृत्त म्हणतात. मुंबई त्या रेघेच्या जितकी उत्तरेस, जवळजवळ तितकेच मॉरिशस दक्षिणेस. म्हणून ऋतू उलटे. आपल्याकडे डिसेंबरात थंडी, तिथे उन्हाळा. आम्ही ऑगस्टात गेलो तर तिथे हिवाळा. मंडळींनी शाल पांघरली.

तिथल्या अधिकाऱ्याने पासपोर्ट पाहिले. परतीची तारीख आणि राहण्याचा पत्ता विचारला. सामानात बी-बियाणे, झाडे आहेत का तेही विचारले. नाही, असे आम्ही खरेपणाने सांगू शकलो. माती घरी ठेवली ते बरेच झाले.

मग पैसे बदलले. मॉरिशसच्या नाण्यालाही रुपयाच म्हणतात, पण तो आपला रुपया नव्हे. त्याची किंमत आपल्या रुपयाहून जास्त आहे आणि भाव रोज बदलतो. मंडळींनी एक नोट उलटीपालटी केली आणि मोठ्याने म्हणाल्या, "अहो, ही आपलीच अक्षरं!" खरेच. त्या नोटांवर इंग्रजीबरोबर तमिळ आणि देवनागरी अक्षरेही असतात. परक्या देशात पाय ठेवताच त्यांनी वाचलेला पहिला शब्द होता 'रुपये'.

उसाचे बेट

मुलाच्या मित्राने मोटार ठरवून दिली होती. गाडीवान तिथलाच. त्याचे पूर्वज बिहारचे. तो आमच्याशी हिंदी बोलत होता. आपल्यासारखीच तिथे वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात.

दोन्ही हातांना ऊस. मधूनमधून काळ्या दगडांचे मोठे ढीग. हे बेट ज्वालामुखीने बनले आहे. जमिनीत दगडच दगड होते. मजुरांनी ते हातांनी वेचून ढीग रचले, तेव्हा कुठे ऊस लावता आला. जून-जुलैपासून तिथे ऊसतोडणी चालू होते. आम्ही गेलो तेव्हा तोडणी चाललेलीच होती.

बेट लहान आहे. आपल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या चौथ्या हिश्श्याहूनही लहान. वस्ती बारा-साडेबारा लाखांची. पूर्वी तिथे माणूस राहतच नव्हता. डच लोकांनी १५९८ साली त्याला मॉरिशस हे नाव दिले. तिथे डोडो नावाचा मोठा पक्षी होता. त्याला उडता येत नव्हते. माणसे आली, त्यांच्याबरोबर डुकरे आणि उंदीर आले. शंभर वर्षांच्या आत डोडो नाहीसा झाला. डचांनंतर फ्रेंच आले आणि १८१० साली इंग्रज. मळ्यांत आधी आफ्रिकेतून आणि मादागास्करहून धरून आणलेले गुलाम राबत. १८३५ साली तिथली गुलामी कायद्याने बंद झाली. मग मळेवाल्यांना मजूर हवे झाले. ते त्यांनी हिंदुस्थानातून नेले.

सोळा पायऱ्या

दहाच्या सुमारास आम्ही राजधानीत पोहोचलो. तिचे नाव पोर्ट लुईस. तिथे बंदराला लागून एक जागा आहे. तिला आप्रवासी घाट म्हणतात. आप्रवासी म्हणजे बाहेरून येऊन वसलेला माणूस. पूर्वी या जागेला कुली घाट म्हणत.

२ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलस' नावाच्या जहाजाने कलकत्त्याहून ३६ मजूर आले. करार पाच वर्षांचा, पगार महिना पाच रुपये. त्यानंतर कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीन बंदरांतून जहाजामागून जहाज गेले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत सुमारे साडेचार लाख माणसे तिथे पोहोचली. मुंबईच्या जहाजांत कोकणातले आणि घाटावरचे मराठी लोकही होते.

१८४९ साली इथे मजूर उतरवण्याचा तळ बांधला. जहाजातून उतरले की सोळा दगडी पायऱ्या चढायच्या. त्या पायऱ्या आजही आहेत. वर नाव नोंदवायचे. प्रत्येकाला एक नंबर मिळे. दोन-एक दिवस तळावर ठेवून मग मळ्यावर धाडत. स्वयंपाकाची जागा, दवाखाना, द्वारपालाची खोली यांचे दगडी अवशेष आम्ही पाहिले. २००६ साली या जागेची जागतिक वारशाच्या यादीत नोंद झाली. प्रवेशाला पैसे पडत नाहीत.

कराराला इंग्रजीत 'अ‍ॅग्रीमेंट' म्हणतात. मजुरांच्या तोंडी त्याचे झाले 'गिरमिट'. सुताराचे गिरमिट लाकडाला भोक पाडते. या गिरमिटाने माणसांच्या आयुष्याला भोक पाडले. एक दिवस खाडा झाला तर दोन दिवसांचा पगार कापत. पासाशिवाय मळ्याबाहेर हिंडता येत नसे. सगळेच फसवून नेलेले नव्हते. काहीजण दुष्काळामुळे, कर्जामुळे समजून-उमजून गेले. पण कागदावर काय लिहिले आहे ते स्वतः वाचू शकणारे फारच थोडे होते.

मंडळी पायऱ्यांशी उभ्या राहिल्या. पिशवीतून तो कागद काढला. आजूबाजूला माणसे होती, तरी संकोच न करता त्यांनी नाव मोठ्याने वाचले. मग गावाचे नाव वाचले. मग म्हणाल्या, "बाबा, तुझ्या घरची माणसं तुला शोधत आली. उशीर झाला."

आम्ही एकेक करून पायऱ्या मोजल्या. सोळाच होत्या.

तिथल्या एका बाईंना आम्ही विचारले, "या माणसाचं नाव नोंदवहीत सापडेल का?" त्यांनी नीट समजावून सांगितले. जुन्या नोंदी मोका गावच्या महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवल्या आहेत. लोक तिथे आपले पूर्वज शोधतात. "पण बापाचं नाव हवं. कोणत्या साली आला, कोणत्या जहाजानं आला, ते कळलं तर शोध लवकर लागतो. एका नावाची माणसं पुष्कळ असतात."

आमच्याजवळ फक्त नाव आणि गाव. साल नाही. बापाचे नाव घरात कुणालाच आठवत नाही. लिहून कुणी ठेवले नव्हते, कारण लिहिणारे कुणी नव्हते.

मंडळींचे डोळे भरले. पण त्यांनी पदराने पुसले आणि बाईंना म्हणाल्या, "काय काय लागतं ते सांगा, मी लिहून घेते." आम्ही लिहायला हात पुढे केला तर म्हणाल्या, "तुम्ही राहू द्या." त्यांनी स्वतः लिहिले : नाव. बापाचे नाव. गाव. जहाज. साल. पाच ओळी लिहायला वेळ लागला. बाई थांबल्या.

बैठकेची गोष्ट

दुपारी आम्ही तिथल्या मोठ्या बाजारात गेलो. ढोल पुरी नावाचा पदार्थ खाल्ला. डाळ वाटून पातळ पोळीत भरतात. दिसायला पुरणपोळी, पण गूळ नाही. तिच्यावर भाजी आणि झणझणीत चटणी. मंडळी म्हणाल्या, "गूळ विसरले, पण पोळी नाही विसरले."

जेवता जेवता गाडीवानाने एक गोष्ट सांगितली. ती तुम्ही मुद्दाम ऐका.

१९०१ साली महात्मा गांधी दक्षिण आफ्रिकेतून मायदेशी येताना काही दिवस मॉरिशसला थांबले होते. मुलांना शिकवा, राजकारणात लक्ष घाला, असे त्यांनी तिथल्या हिंदी लोकांना सांगितले. पुढे १९०७ साली मणिलाल डॉक्टर नावाचे वकील तिथे गेले आणि मजुरांच्या बाजूने कोर्टात लढले.

तरीही बरीच वर्षे मत देण्याचा हक्क फक्त मोजक्या पैसेवाल्यांना होता. १९४७ साली नवी घटना आली. देशात चालणाऱ्या कोणत्याही एका भाषेत साधे लिहिता-वाचता येईल, त्या प्रौढ स्त्री-पुरुषाला मत मिळेल असे ठरले. पण मजुरांना अक्षर कुठे येत होते?

गावोगाव बैठका होत्या. दिवसभर ऊस तोडून आलेली माणसे संध्याकाळी तिथे जमत, भजन करीत आणि मुलांना अक्षरे शिकवीत. बासदेव विष्णुदयाल यांच्या स्वयंसेवकांनी या बैठकांत मोठ्या माणसांना बसवले. कंदिलाच्या उजेडात बायाबापड्यांनी अक्षरे गिरवली. आधी दहा-बारा हजार मतदार होते, ते १९४८ च्या निवडणुकीत सत्तर हजारांवर गेले! गाडीवानाचे आजोबा त्यांपैकीच एक. तो म्हणाला, "आजोबा म्हणायचे, मी दोनच गोष्टींसाठी रडलो. बाप वारला तेव्हा, आणि मतदाराच्या यादीत नाव लागलं तेव्हा."

पुढे १९५९ च्या निवडणुकीत सर्वच प्रौढांना मत मिळाले. १२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला. पहिले पंतप्रधान सर शिवसागर रामगुलाम. त्यांचे वडील बिहारमधून मजूर म्हणून आले होते.

तिसऱ्या प्रहरी आम्ही पांपलमूस गावचा मोठा बाग पाहिला. रामगुलाम यांच्यावर १९८५ साली याच बागेत अग्निसंस्कार झाला. त्यांची समाधी आम्ही पाहिली. तळ्यात परातीसारखी कमळाची पाने होती, कडा उभ्या वळलेल्या. तिथे एक ताडाची जात आहे. ते झाड कित्येक वर्षे वाढते, आयुष्यात एकदाच फुलते आणि मरते. मंडळी म्हणाल्या, "उशिरा का होईना, फुलतं ना!" आम्ही समजलो कुणाबद्दल बोलत होत्या.

तिन्हीसांजेला

आमचा मुक्काम पश्चिमेकडच्या एका गावात, मराठी वंशाच्या कुटुंबाकडे होता. त्या भागात मराठी वंशाची बरीच घरे आहेत. घरात सारे क्रिओल भाषा बोलतात. ती फ्रेंचपासून झालेली तिथली बोली. पण मुले शाळेत मराठी शिकतात. गणेशचतुर्थीला तिथे देशभर सुट्टी असते. आपल्या कोकणातल्या जाखडीला ते झाकरी म्हणतात आणि अजून नाचतात.

घरच्या आजींनी दारातच विचारले, "प्रवास बरा झाला काय?" मराठी थोडी अडखळत, पण आपली. मंडळींनी त्यांना वाकून नमस्कार केला. दोघी रात्री उशिरापर्यंत बोलत बसल्या. एकीला शब्द आठवत नव्हते, दुसरी आठवून देत होती.

निजताना मंडळी म्हणाल्या, "ती आई पाणंदीशी उभी राहायची ना, तिला कुणीतरी सांगायला हवं होतं. पोरगा मेला असेल, पण इथं माणसं उरली. गणपती उरला."

आम्ही परत आलो त्याला आता काही महिने झाले. तो पूर्वज अजून सापडलेला नाही. पण मंडळींनी एक वही घातली आहे. माहेरच्या आणि सासरच्या म्हाताऱ्या माणसांकडे जाऊन त्या विचारतात आणि लिहितात : कोण कुणाचा, कुठून आला, कुठे गेला. बापाचे नाव कळण्याची आशा त्यांनी सोडलेली नाही. तुम्हीही अशी वही घाला. आज तुमच्या घरात ज्यांना आठवते, ती माणसे उद्या नसतील.

आणि एक ध्यानात ठेवा. कागद पुढे आला तर आधी वाचा. समजला नाही तर विचारा. घाई करणाऱ्याला सांगा, "थांब, मला वाचू दे." खूण करून दिली म्हणून एक तरुण समुद्रापलीकडे गेला, आणि अंगठा दिला म्हणून आम्ही तीन वर्षे हप्ते भरले. आता तुम्हांला अक्षर आले आहे. ते वापरा.

प्रश्न

१. पासपोर्ट म्हणजे काय? त्यावरचे नाव स्वतः का वाचून पाहावे?
२. दुसऱ्या देशात माती व बियाणे परवानगीवाचून का नेऊ नये?
३. मुंबईत सकाळचे साडेआठ वाजतात तेव्हा मॉरिशसला किती वाजलेले असतात? का?
४. 'गिरमिट' हा शब्द कशावरून झाला?
५. १९४८ साली मतदार एवढे कसे वाढले?
६. आपल्या आजोबांचे, पणजोबांचे आणि त्यांच्या गावाचे नाव वहीत लिहा. ठाऊक नसेल तर आज घरी विचारा.